स्लॅब गळका हवा असेल तर

परवा रात्री अडीच वाजता गोदामात युरियाच्या पोत्यांवर ताडपत्री ओढता ओढता लक्षात आलं, की या विषयातलं आपल्याला आता बरंच कळायला लागलंय. डोक्यावर स्लॅब, स्लॅबला वॉटरप्रूफिंगची 10 वर्षांची वॉरंटी, त्या वॉरंटीचं हे दुसरं वर्ष, आणि खाली 7 बादल्या. एवढं ज्ञान एकट्याने ठेवून काय करायचं? तालुक्याच्या गावात ज्यांचं कृषी केंद्र, किराणा किंवा मंगल कार्यालय सपाट छताखाली चालतं, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

ठेकेदार मार्चमध्ये शोधू नये. तेव्हा तो रिकामा असतो, स्लॅब नीट बघतो. मृगाला आठ दिवस उरले, आभाळ भरून आलं, की मगच फोन लावावा.

भाव मात्र पाडून घ्यावा. माझा स्लॅब 2200 फुटांचा. 45 रुपये फुटाने 99,000 होत होते. मी 40 वर आणला, 11,000 वाचवले आणि आठवडाभर गावात सांगत फिरलो. ते 11,000 वॉटरप्रूफिंगच्या रंगाच्या डब्यात ओतलेल्या पाण्यातून भरून निघतात, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

बिल मागू नये. 18 टक्के जीएसटी कशाला उगाच!

काम चालू असताना शिडी चढू नये. मी खाली बियाण्याच्या पावत्या फाडत बसलो होतो आणि वरच्या पोट्ट्यांसाठी तर्री-पोहे पाठवत होतो. ती 45 डिग्रीच्या उन्हात राबताहेत म्हणून जीव तुटत होता माझा. वर काय चाललं होतं, ते नंतर शेजारच्या गच्चीवरून पाहणाऱ्याने सांगितलं. जुने पोपडे खरवडले नाहीत. पाइपच्या तोंडाशी माती तशीच. कठड्याच्या कडेला सिमेंटची वाटा मारायची असते, म्हणजे कोपरा गोल होतो आणि पाणी सांध्यात शिरत नाही. ती मारलीच नाही. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर पहिला हात, आणि तो वाळायच्या आत त्यावरच दुसरा. एक उभा, एक आडवा मारायचा असतो म्हणे. यांनी दोन्ही घाईत मारले. खराटासुद्धा फिरवला नव्हता. धुळीवर रंग. तो स्लॅबला चिकटणार कसा, तो धुळीलाच चिकटला आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पापडासारखा हातात आला.

आणि हो, पाणी साठवून बघा असं चुकूनही म्हणू नये. पाइपांना बोळे लावायचे, स्लॅबवर बांध घालायचा, 2 दिवस पाणी ठेवायचं आणि खालून ओल दिसते का पाहायचं, एवढीच ती परीक्षा. वावराला बांध घालणाऱ्यांच्या गावात एवढं जमलं असतं. पण ठेकेदार म्हणाला, "भाऊ, टेन्शन काहून घेता? धा वर्स वर पाहा लागत नाही." मीही पाहिलं नाही.

आता वॉरंटीचं कार्ड. ते लॅमिनेट करून काउंटरच्या काचेखाली ठेवावं, शोभून दिसतं. वाचू नये. मी वाचलं. भेग पडली तर वॉरंटी नाही. छतावर टाकी, सोलर, डिश बसवली तर नाही. मालाचं नुकसान तर नाहीच नाही. आणि सातवी अट: छतावर पाणी साचल्यास वॉरंटी लागू नाही. तीनदा वाचली. अहो, वॉटरप्रूफिंग आहे ना ते? पाण्यासाठीच केलं ना? पाणी साचू नये म्हणून 10 फुटाला सव्वा इंच तरी उतार लागतो. तो नाही हे सांगायचं कोणी होतं? पैसे घेताना उतार दिसत नाही आणि गळायला लागल्यावर बरोबर दिसतो! रंगाच्या कंपनीचा माणूस आला, मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाला, मटेरियल चांगलं आहे, काम वाईट आहे. कामाची वॉरंटी आमची नाही, हवं तर दोन डबे फुकट देतो, मजुरी तुमची. ठेकेदार म्हणतो, काम चांगलं, मटेरियल हलकं. मग दोघं मिळून म्हणाले, स्लॅबच वाईट. स्लॅब टाकणारा मिस्त्री म्हणतो, तवाचं सिमेंटच तसं होतं. त्या तिघांत खरं कोणी बोललं असेल, तर ते माझं छत.

मग जिल्हा ग्राहक आयोगाची धमकी द्यावी. 5 लाखांपर्यंत फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, मुदत 2 वर्षं. समोरचा वकील म्हणणार, दुकानाचं छत म्हणजे व्यापारी कारण, हे ग्राहकच नव्हेत. आणि बिल दाखवा. ते बिल, जे आपणच नको म्हणालो होतो.

राहू द्या. थट्टा पुरे. माझा युरिया ढेकळं झाला, सोयाबीनचं बियाणं भिजलं, ते मी कुणाच्या वावरात पेरायला देऊ? उगवलं नाही तर शिव्या मला बसतील, तुम्हाला नाही. ठेकेदार, 10 वर्षं कशाला म्हणालास? 2 म्हणाला असतास तरी मी काम दिलं असतं. कंपनीवाल्यांनो, डबा विकता तर तो मारणाऱ्याला शिकवा, नाहीतर कार्डावर तुमचं नाव छापू नका. आणि मी, 11,000 वाचवणारा शहाणा, शिडी दहा पावलांवर होती तरी चढलो नाही. खराटा 60 रुपयांना मिळतो रे. माझ्याच दुकानाबाहेर टांगलेला होता. एकदा फिरवायला काय होत होतं तुम्हाला?