गोष्ट कॅथरीनची होती

मालिकेतली नायिका मेली म्हणून डोळे पुसणाऱ्या बाईला आपल्याकडे ठरलेलं उत्तर मिळतं, "अगं, सीरियल आहे ती!" मला या उत्तराचा मनापासून राग येतो. मालिका आणि आयुष्य यातला फरक तिला कळत नाही, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. तिला तो पक्का कळतो. तिच्याशी दगाबाजी झालेली असते, आणि ती नेमकी काय असते ते कुणी तिला विचारत नाही.

मी हे लिहितेय ते एका जुन्या अमेरिकन मालिकेमुळे. 'ब्यूटी अँड द बीस्ट'. कार्टून नव्हे. 1987 मध्ये सीबीएस या अमेरिकन चॅनलवर सुरू झालेली, न्यूयॉर्कमध्ये घडणारी, रॉन कॉस्लो यांनी निर्माण केलेली मालिका. लिंडा हॅमिल्टन कॅथरीन झाली होती आणि रॉन पर्लमन व्हिन्सेंट. मी आणि माझ्या जाऊबाईंनी ती फार उशिरा, डीव्हीडी मिळवून पाहिली. दोघी कामं आटपून रात्री बसायचो.

कॅथरीन चँडलर वडिलांच्या फर्ममधली वकील. पैसा, पार्ट्या, सगळं काही असलेली मुलगी. एका रात्री गुंड तिला भलतीच कुणीतरी समजून उचलतात, तिचा चेहरा चाकूने फाडतात आणि सेंट्रल पार्कमध्ये टाकून जातात. सिंहासारखा चेहरा असलेला व्हिन्सेंट तिला शहराखालच्या बोगद्यांत नेतो. तिथे समाजाने टाकलेल्या माणसांची एक वस्तीच आहे, नळांवर ठोकून ती एकमेकांना निरोप धाडते. डोळ्यांवर पट्ट्या असलेल्या कॅथरीनला तो डिकन्सची कादंबरी वाचून दाखवतो. आधी आवाज, मग चेहरा. ती बरी होऊन वर येते, शस्त्रक्रियेने चेहरा नीट होतो, पण कानापाशी एक व्रण उरतो. ती वडिलांची फर्म सोडते, सरकारी वकिलाच्या कार्यालयात कमी पगारावर रुजू होते, मारामारी शिकते.

हे सगळं पहिल्याच भागात आहे, आणि म्हणूनच मी ते इतकं सविस्तर सांगितलं. व्हिन्सेंट आहे तसाच राहतो. बदलते ती कॅथरीन. गोष्ट तिच्यापासून सुरू होते, आपण बोगद्यात उतरतो तेही तिच्याबरोबर. कवितेची ओळ ऐकताना तिचा चेहरा कसा सैलावतो, हे बघत आपण तिच्या बाल्कनीत बसलेलो असतो. दोन सीझन, प्रत्येकी 22 भाग. या 44 भागांत दोघांना घाई नव्हती. प्रेमात बाईचं ऐकून घेणारा पुरुष, तिच्या कामाचा मान राखणारा पुरुष पडद्यावर किती वेळा दिसतो? अमेरिकेतल्या बायका शुक्रवारी रात्री टीव्हीसमोर बसत होत्या त्या यासाठी.

मग हॅमिल्टन गरोदर होती आणि तिने मालिका सोडली. तिला मी मुळीच दोष देणार नाही. नटीला स्वतःचं आयुष्य आहे आणि त्यावर प्रेक्षकांचा हक्क नाही. पण ती गेल्यावर कॅथरीनचं काय करायचं, हा निर्णय लिहिणाऱ्यांचा आणि चॅनलचा होता.

त्यांनी काय केलं बघा. डिसेंबर 1989 मध्ये तिसरा सीझन सुरू झाला. दोन वर्षं ज्या मीलनाची वाट पाहिली ते प्रतिमांच्या झरझर तुकड्यांत उरकलं, आणि व्हिन्सेंटला त्याची आठवणसुद्धा उरली नाही. कॅथरीनला दिवस जातात. गॅब्रिएल नावाचा गुन्हेगार तिला पळवतो आणि बाळासाठी महिनोन्महिने डांबून ठेवतो. बाळंत झाल्यावर इंजेक्शन देऊन तिला मारून टाकतात. व्हिन्सेंट गच्चीवर पोहोचतो तेव्हा ती शेवटचे श्वास घेत असते. आपल्याला मूल आहे एवढं त्याला सांगून ती मरते.

जाऊबाई तिथेच उठल्या. "आता काय बघायचं यात?" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्यानंतरचे भाग मी एकटीने पाहिले, त्या परत कधी बसल्या नाहीत. मला त्यांच्या त्या एका वाक्यात सगळं दिसलं. कॅथरीन गेली म्हणजे बघणारे डोळेच गेले. पुढच्या भागांत आहे तो व्हिन्सेंटचा शोक, व्हिन्सेंटचा संताप, मुलाचा शोध आणि सूड. नवी पोलीस अधिकारी डायना येते, ती भूमिका जो अँडरसन या नटीने चांगली केलीय, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण जी बाई गोष्टीची मालकीण होती, ती आता पुरुषाला पेटवायचं निमित्त झाली. तिचं नोकरीतलं धाडस, तिचा व्रण, तिचे निर्णय, सगळं एका मृतदेहापाशी येऊन थांबलं. शिवाय बाळ होईपर्यंतच तिला जिवंत ठेवलं, हे तर बायकांना जिव्हारी लागणारच. चॅनलला पुरुष प्रेक्षक हवे होते, जास्त मारधाड हवी होती, असं तेव्हाही बोललं गेलं. ज्यांनी मालिका जगवली त्यांना बाजूला सारून न आलेल्यांसाठी पाट मांडला, आणि तेही आले नाहीत. 12 भागांत तिसरा सीझन संपला आणि मालिकाही.

कुणी म्हणेल, ती जिवंत असती तर व्हिन्सेंट तिच्यामागे गेलाच असता, म्हणून मारावं लागलं. मग मालिका तिथे थांबवायची होती. साक्षीदार म्हणून तिला दूर, नाव बदलून पाठवता आलं असतं, ती तर सरकारी वकिलाच्या कार्यालयातच होती! मार्ग होते. मरण गरजेचं असेल असं मी एक वेळ मान्य करीन, पण तेही तिच्या कर्तृत्वातून यायला हवं होतं.

आपल्याकडे 'क्यूँकी सास भी कभी बहू थी'मधला मिहिर मेला तेव्हा घराघरांतून एवढा आक्रोश झाला की त्याला परत आणावं लागलं. तुलसीची नटी मध्ये बदलली तेव्हा आपण कुरकुरलो, पण पाहत राहिलो, कारण चेहरा बदलला तरी गोष्ट तुलसीचीच होती. म्हणजे बायका नटीसाठी हटून बसत नाहीत. गोष्ट कुणाची आहे, यावर त्या हटून बसतात.

आणि बायका मालिकेत फार 'गुंततात' या नेहमीच्या आरोपाबद्दल. 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर सचिन निरोपाचं बोलला तेव्हा घरातले पुरुष ढसाढसा रडले. कुणीही त्यांना "अहो, मॅच आहे ती" म्हटलं नाही. म्हणूही नये. चोवीस वर्षं सोबत केलेल्या माणसासाठी डोळे भरून येणारच. मग तोच मान शुक्रवारची वाट पाहणाऱ्या बाईला का नाही?

त्या अमेरिकन बायकांनी मात्र नुसतं रडून सोडलं नाही. त्यांनी चॅनलला पत्रं लिहिली, आपापली छोटी मासिकं छापली आणि त्यांत गोष्टी लिहिल्या, ज्यांत कॅथरीन जगते. तिसरा सीझन झालाच नाही असं अनेकींनी ठरवून टाकलं. तो स्वीकारणाऱ्या आणि न स्वीकारणाऱ्या चाहत्यांमध्ये कडाक्याची भांडणं झाली. हेन्री जेंकिन्स या अभ्यासकाने 1992 च्या आपल्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण या चाहत्या बायकांवर लिहिलं. चॅनलने ज्यांना मोजलं नाही त्यांची कुणीतरी गंभीर दखल घेतली, याचं मला फार बरं वाटलं.

मी स्वतः न स्वीकारणाऱ्यांच्या बाजूची आहे. कुणी मालिका मागितली तर पहिले दोनच सीझन देते. दुसऱ्याच्या शेवटी गोष्ट अर्धवट लटकते हे आधीच सांगून ठेवते, आणि पुढचं ज्याचं त्याने रचावं म्हणते. जाऊबाईंनी त्यांचं रचलंय. त्यांच्या गोष्टीत कॅथरीन सरकारी वकिलाची मोठी खुर्ची घेते आणि गॅब्रिएलला ती स्वतः कोर्टात उभं करते.