‘गोलात बसवा, मोकळं होऊ द्या’ एवढ्यावर ग्रुप थेरपी चालत नाही

समुपदेशकांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘पंधरा-वीस माणसं गोलात बसवा. इथलं इथेच राहील अशी हमी द्या. कुणाला अडवू नका, गप्प असेल त्याला बोलतं करा. बाकी गट आपलं आपण सावरतो.’ नवे समुपदेशक हे खरं मानून गट सुरू करतात आणि त्रास सहभागींना होतो, म्हणून हे उत्तर.

‘पंधरा-वीस माणसं.’ नव्वद मिनिटांत पंधरा जण म्हणजे माणशी सहा मिनिटं. सात-आठ पुरेत; दोघं गैरहजर राहिली तरी गट टिकतो. प्रत्येकाला आधी एकट्याने भेटा. आत्महत्येचे विचार तीव्र असतील तर आधी वैयक्तिक उपचार, गट नंतर.

‘कुणाला अडवू नका.’ बरेच गट इथेच मोडतात. एक काका वीस मिनिटं मुला-सुनेबद्दल बोलताहेत. समोरची बाई ओढणीचं टोक गुंडाळतेय, कोपऱ्यातला मुलगा दाराकडे बघतोय. तुम्ही थांबवलं नाही तर राग काकांवर कमी आणि तुमच्यावर जास्त निघतो, आणि पुढच्या वेळी दोन खुर्च्या रिकाम्या दिसतात. थांबवायचं ते विषय तोडून नाही, भावना पकडून: ‘काका, जरा थांबवते. घरात मला कुणी विचारत नाही, हे तुम्ही तीनदा म्हणालात. हे ऐकताना बाकीच्यांना काय वाटलं?’ पुढच्या वेळी त्यांना समोर न बसवता शेजारी बसवा; नजरानजर कमी झाली की बोलणंही आवरतं.

‘गप्प असेल त्याला बोलतं करा.’ नको. ‘आज नुसतं ऐकतो’ म्हणायची मुभा पहिल्याच दिवशी द्या.

‘इथलं इथेच, अशी हमी.’ ही हमी तुमच्या हातात नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं गोपनीयतेचं बंधन सेवा देणाऱ्यांवर आहे, शेजारी बसलेल्या सहभागीवर नाही. तालुक्याच्या गावात तर तो कुणाचा तरी मेव्हणा निघतो. लेखी करार करा, पण त्याची मर्यादा स्पष्ट सांगा. जिवाला धोका असेल किंवा मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली तर ती कळवावी लागते, हेही आधीच सांगा. सहभागींचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढू नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांकडे जातात.

‘गट आपलं आपण सावरतो.’ शेवटच्या दहा मिनिटांत नवा विषय उघडू देऊ नका. तरी कुणी चपला घालता घालता म्हणतं, ‘आता जगावंसं वाटत नाही.’ त्याला बाजूला बसवा आणि सरळ विचारा: मरायचा विचार येतो का? कसं, कधी, काही ठरवलंय का? साधन हाताशी आहे का? एकट्याला सोडू नका. घरच्यांना बोलवा, मनोविकारतज्ज्ञाला तिथूनच फोन लावा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या.