माध्यमाचं भांडण आणि पस्तीस मिनिटांचा तास

माझा भाऊ सांगली जिल्ह्यात राहतो. त्याची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला आहे आणि येत्या जूनमध्ये तिला इंग्रजी माध्यमात घालायचं, असं घरात जवळजवळ ठरलंय. "मराठी काय, घरी बोलेलच ती. इंग्रजी कच्चं राहिलं तर जन्मभर अडेल," हे दादाचं म्हणणं. मी कॅनडात, ब्रॅम्प्टनला, नव्याने आलेल्या प्रौढांना इंग्रजी शिकवते, म्हणून त्याने मला मत विचारलं. फोनवर नीट सांगणं जमलं नाही. इथे सांगते.

दादाची भीती खरी आहे. परवा व्हिडिओ कॉलवर भाचीने सगळे वार, बारा महिने आणि एक कविता घडाघडा म्हणून दाखवली. मी विचारलं, "व्हॉट टाइम डज युवर स्कूल स्टार्ट?" ती आईकडे बघायला लागली. टाइम, स्कूल, स्टार्ट हे तिन्ही शब्द तिला येतात. पण इंग्रजीतून तिला आजवर कुणी काही खरंखुरं विचारलंच नव्हतं.

माझा वर्ग 'लिंक' या, नव्याने आलेल्यांना भाषा शिकवणाऱ्या योजनेतला. कॅनडाच्या केंद्र सरकारने ती 1992 साली सुरू केली, कायम रहिवाशांना आणि निर्वासितांना फुकट. इथे व्याकरणाचा धडा पहिला आणि बोलणं नंतर, असं चालत नाही. आधी काम ठरतं. गेल्या महिन्यातलं काम होतं घरमालकाला फोन करून हीटर बंद पडल्याचं सांगणं. बाहेर उणे अठरा. एक अफगाण बाई पाठीला पाठ लावून बसल्या, म्हणजे समोरच्याचा चेहरा दिसू नये, फोनवर दिसत नाही तसा. पहिल्या खेपेला त्या म्हणाल्या, "हीटर नो. बेबी कोल्ड." घरमालक झालेल्या विद्यार्थ्याने विचारलं, "सिन्स व्हेन?" त्या अडकल्या. मग मी फळ्यावर 'सिन्स' आणि 'फॉर' घेतलं. त्या दिवशी ते व्याकरण मला समजावत बसावं लागलं नाही, कारण त्यांना ते हवं होतं. तिसऱ्या खेपेला त्यांनी "सिन्स मंडे नाइट" म्हटलं आणि आज कुणाला पाठवता, तेही विचारून घेतलं.

याला टास्कवर आधारलेलं शिकवणं म्हणतात. मला ते इथल्या प्रशिक्षणात शिकवलं गेलं आणि तिथेच कळलं की या पद्धतीच्या सुरुवातीच्या मोठ्या प्रयोगांपैकी एक आपल्या शेजारचा, बंगळूरचा. एन. एस. प्रभू या भाषाशिक्षकाने 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या काही साध्या शाळांत हा प्रयोग केला. मुलांना रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं, नकाशा द्यायचा, पैशांचा हिशेब द्यायचा, आणि त्यावर डोकं चालवून उत्तर काढायला लावायचं. इंग्रजीचं लक्ष्य समोर ठेवायचंच नाही, ते उत्तराच्या मागे मागे येतं. गुण उत्तर बरोबर आल्याला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं. सांगलीत दहा वर्षं इंग्रजी शिकले, पण पदवीच्या वर्गातसुद्धा हे नाव माझ्या कानावर आलं नव्हतं.

आपल्याकडे 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. सेमी-इंग्रजीही आहे. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला, गदारोळ झाला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. प्रत्येक वेळी भांडण कोणती भाषा आणि कितवीपासून याचंच. त्या पस्तीस मिनिटांच्या तासात मूल त्या भाषेने काय करतं, हे विचारणारा आवाज मला तरी ऐकू येत नाही.

इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं असं मी म्हणत नाही. माझ्या वर्गात वीस माणसं आणि नऊ भाषा, त्यामुळे एकमेकांशी बोलायला इंग्रजीवाचून इलाजच नाही. सांगलीच्या वर्गात गट पाडले तर मुलं मराठीतच बोलणार, आणि का बोलू नये? शिवाय इथे मूल्यमापनाच्या टास्कचे कागद विद्यार्थ्याच्या फायलीत लावले जातात. त्या कागदांखाली चांगले शिक्षक दमलेले मी पाहिलेत. आपल्या गुरुजींच्या मागे आधीच कमी कागद नाहीत, त्यात ही भर नको.

पण प्रभूंनी गटकामावर भर दिलाच नव्हता. मुलं एकमेकांच्या चुकाच ऐकत राहतील, असं त्यांना वाटे. आधी शिक्षकाने सगळ्या वर्गासमोर तोंडी एक उदाहरण सोडवायचं, प्रश्न विचारत विचारत, आणि मग तसंच दुसरं प्रत्येकाने एकट्याने. याला खडू-फळा पुरतो. वर्ग मोठा असला तरी चालतं. म्हणूनच मला वाटतं की ही पद्धत ब्रॅम्प्टनपेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेला जास्त जुळते.

मागच्या रविवारी मी भाचीला पाच एसटींच्या वेळा लिहून पाठवल्या. आजीकडे बाराच्या आत पोहोचायचं, प्रवास दीड तासाचा, शेवटची कोणती गाडी चालेल? एक मी करून दाखवलं, दुसरं तिने केलं. बराच वेळ शांतता. मग, "टेन फिफ्टीन. टेन फोर्टी नो." मी म्हटलं, "व्हाय नो?" तर, "ट्वेल्व्ह टेन. लेट!" क्रियापद एकही नव्हतं. तिला मी तेच पूर्ण वाक्य करून परत दिलं, "येस, यू विल बी लेट," आणि पुढच्या गणिताला तिने आपणहून "यू विल लेट" म्हटलं. 'बी' येईल पुढेमागे.

दादा, जूनला अजून वेळ आहे. फॉर्म भरायच्या आधी दोन्ही शाळांत इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसू देतात का, ते विचार. बसू दिलं तर मोजून ठेव, पुस्तकातून वाचून देता येणार नाहीत, स्वतःच काढावी लागतील, अशी उत्तरं किती मुलांना द्यावी लागली. मग मला फोन कर.