‘आजोबांच्या डुलकी’ला माझं उत्तर

श्री. ‘स्पष्टवक्ता’ यांस,

आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. बायकोला वाचून दाखवण्यासारखं ते नव्हतं. आज डोकं थोडं थंड आहे. निदान सुरुवात तरी शांतपणे करतो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. मी लिहिलं होतं की आकाशवाणीला देशभरच्या श्रोत्यांच्या उपयोगी पडायचं असेल, तर एकच कार्यक्रम राजधानीतून उचलून सगळीकडे वाजवण्याने ते होणार नाही. इंदूर, जळगाव, रत्नागिरी अशा केंद्रांना त्यांच्या स्वतःच्या सभा (म्हणजे सकाळ-दुपार-संध्याकाळची प्रसारणाची सत्रं), स्वतःचे निवेदक आणि आपल्या बोलीतले तास हवेत. त्यावर आपण जे लिहिलंत ते जसंच्या तसं देतो, म्हणजे मी मोडतोड केली असं नंतर म्हणायला नको: ‘छान स्मरणरंजन. पण रेडिओ आता आजोबांच्या दुपारच्या डुलकीची सोय उरलाय. त्यासाठी करदात्याने पैसे का मोजायचे? ज्याला ऐकायचं त्याच्यासाठी अ‍ॅप आहे. किती लोक ऐकतात याचा एक आकडा तुमच्या लेखात नाही. बातम्या म्हणजे तर सरकारी भोंगा. आणि महाराष्ट्राबाहेर बसून मराठीची काळजी वाहणाऱ्यांचं मला नेहमीच कौतुक वाटतं.’

मतभेदाचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर लोकांनी माझ्याशी पोह्यांवरून भांडण केलंय आणि मी ते चवीने केलंय. पण मतभेद मांडायची एक रीत असते. मी लेखाखाली माझं नाव लिहितो, गाव लिहितो. आपण टोपणनावाआडून दुसऱ्याच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची टिंगल करता आणि त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणता. आमच्या इंदूरच्या रामबागेत याला वेगळं नाव आहे, ते इथे लिहीत नाही.

अ‍ॅपचा मुद्दा मात्र मान्य, एकदम मान्य. ‘न्यूज ऑन एअर’ माझ्याही फोनवर आहे. पुणे केंद्र आता खरखरीशिवाय ऐकू येतं, आणि हे सुख आमच्या वडिलांच्या पिढीला मिळालं नाही. तेवढं श्रेय आपल्याला देऊन टाकतो.

आता डुलकीकडे येऊ.

माझे वडील गिरणीत होते, पाळीचं काम. रेडिओ लावून झोपायची चैन त्यांना कधी परवडली नाही. रेडिओ सकाळी लागायचा, तो घरातलं घड्याळच होता. सभा सुरू झाली की आई दूध तापायला ठेवायची. आणि करदात्याचं म्हणाल, तर त्या काळी रेडिओ ठेवायला परवाना लागत असे. दरवर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, वहीवर शिक्का मारून घ्यायचा. ही पद्धत १९८५ मध्ये बंद झाली. म्हणजे आपण ज्या आजोबांच्या डुलकीचा हिशेब मागताय, त्यांनी स्वतःच्या खिशातून रोख पैसे भरून ही आकाशवाणी उभी केली आहे. आता दुपारी जेवणानंतर त्यांचा डोळा लागत असेल तर लागू द्या. त्यांचं भरून झालंय.

आणि मी हे ऐकीव सांगत नाही. ऐंशीच्या दशकात मी मालवा हाउसमध्ये युववाणी या तरुणांच्या कार्यक्रमासाठी नैमित्तिक निवेदक म्हणून जात असे. बाहेरगावच्या वाचकांसाठी: आकाशवाणीचं इंदूर केंद्र २२ मे १९५५ ला सुरू झालं, भोपाळच्याही आधी, आणि मालवा हाउस म्हणजे त्याची इमारत. ‘६४८ किलोहर्ट्झ’, म्हणजे रेडिओवर आमचं केंद्र जिथे लागायचं तो आकडा, हे शब्द मी माईकसमोर इतक्या वेळा उच्चारलेत की आजही झोपेत विचारलं तरी सांगेन. (आपल्याला हवी तर हीसुद्धा डुलकीच समजा.) ड्यूटी रूममध्ये टेबलावर पोस्टकार्डांचा ढीग असायचा. खरगोन, धार, झाबुआ, देवास, कुठकुठची गावं. शाईचं अक्षर, पेन्सिलीचं अक्षर, कधी एकाच कार्डावर अख्ख्या आळीची नावं. त्यातली बहुतेक कार्डं शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींची असत. आजोबांची कमीच, आजोबांना लिहिता येत नसे. ते नातवाकडून लिहून घेत, आणि नातू गुपचूप स्वतःचीही फर्माईश खाली जोडत असे.

ग्रामीण कार्यक्रमात नंदाजी-भेराजींची जोडी होती. माळवी बोलणारी दोन पात्रं, एक सांगणारा, एक शंका काढणारा. माळव्यातल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही ही नावं सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो. सोयाबीन या भागात नवं होतं, तेव्हा बियाण्याला औषध कसं चोळायचं, पाऊस किती झाल्यावर पेरायचं, असली माहिती शेतकऱ्याने कुठल्या पुस्तकातून घेतली असेल असं आपल्याला वाटतं? कृषी खात्याचं पत्रक शुद्ध हिंदीत असे आणि ते पानाच्या टपरीवर पुडी बांधायला जात असे. भेराजी मात्र भाबडेपणाने तोच प्रश्न विचारायचा जो शेतकऱ्याच्या मनात होता. हे दिल्लीत बसून लिहिता येत नाही. भोपाळमध्ये बसूनही येत नाही, माळवी तिथली नव्हेच.

बरं, हे सगळं जुनं झालं म्हणाल. मग २०२० घ्या. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा मध्य प्रदेशात ‘रेडिओ स्कूल’ सुरू झालं, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, आकाशवाणीवरून. शहरातल्या मुलांकडे झूम होतं. अलीराजपूरच्या पाड्यावर घरात एकच मोबाइल, तोही बाप मजुरीला घेऊन गेलेला, तिथे काय होतं? पहिलीतली मुलं कुणाच्या हिशेबाने आजोबा होतात ते मला समजावून सांगा.

मघाशी अ‍ॅप मान्य केलं म्हणून लगेच खूश होऊ नका. अ‍ॅपला डेटा लागतो, टॉवर लागतो आणि टॉवरला वीज लागते. पुरात, वादळात सगळ्यात आधी हेच जातं. दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर तेव्हाही बोलत राहतो. बऱ्याच फोनच्या चिपमध्ये एफएम घेण्याची सोय आधीच असते, कंपन्या ती बंद ठेवतात किंवा काढून टाकतात. म्हणून एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारला मोबाइल कंपन्यांना सांगावं लागलं की ही सोय चालू ठेवा. सल्लाच तो, सक्ती नव्हे. पण फोन हातात असताना रेडिओसाठी अ‍ॅप उघडावं लागतं, याला प्रगती म्हणण्याआधी एवढं तरी ठाऊक हवं.

खरं म्हणजे माझ्या लेखाचा गाभा आपण वाचलेलाच दिसत नाही, डुलकीवरच थांबलात. माझी तक्रार रेडिओ पोहोचत नाही अशी नव्हती. पोहोचण्यावर पैसे खर्च होतायत. जानेवारी २०२३ मध्ये प्रसार भारतीच्या, म्हणजे आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या महामंडळाच्या, यंत्रणेसाठी २,५३९.६१ कोटींची योजना मंजूर झाली, आणि त्याच वर्षी २८ एप्रिलला शंभर-शंभर वॉटचे ९१ एफएम ट्रान्समीटर एका दिवशी सुरू झाले. चांगलंच झालं. पण हे ट्रान्समीटर पुनर्प्रसारणाचे आहेत. दुसरीकडचा आवाज घेतात आणि पुढे ढकलतात. तिथे स्टुडिओ नाही, निवेदक नाही, गावातला माणूस येऊन बोलेल अशी खुर्ची नाही. नकाशावर रंग भरत जातो आणि गावाला स्वतःबद्दल काहीच ऐकू येत नाही. एफएमचा आवाज स्वच्छ खरा, पण तो मोजक्या मैलांत संपतो. मीडियम वेव्ह खरखरत का होईना, जिल्हेच्या जिल्हे ओलांडायची. मग प्रत्येक छोट्या ट्रान्समीटरमागे निदान सकाळ-संध्याकाळचा एक-एक तास तिथल्याच माणसांनी केलेला असावा, एवढंच माझं म्हणणं. त्यात स्मरणरंजन कुठे आलं?

वरून ठरवलेला रेडिओ काय करतो, हे आपल्याच एका मराठी माणसाने दाखवून दिलंय. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती-प्रसारण मंत्री झाले. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी खरोखर मोठं काम केलं. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्याच वर्षीचा. पण लोकांनी काय ऐकावं हेही त्यांनी दिल्लीतच ठरवलं, सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली, आणि अख्खा देश काटा फिरवून रेडिओ सिलोनवर जाऊन बसला. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये सिनेमाच्या गाण्यांची विविध भारती काढावी लागली ती त्यामुळेच. श्रोता कधीच झोपलेला नव्हता, त्याने फक्त केंद्र बदललं होतं. हे पुरेसं स्पष्ट आहे का, स्पष्टवक्ते?

खासगी एफएम आहेच की, असंही कुणी म्हणेल. इंदूरला ते आपण कुणी शिकवू नये; २००१ मध्ये रेडिओ मिरचीचं पहिलं केंद्र याच शहरात सुरू झालं. पहिले काही महिने आम्ही सगळे त्याच्या प्रेमात होतो, मीसुद्धा. पण खासगी केंद्र जाहिरात जिथे आहे तिथेच जाणार, त्यात त्यांचा दोष नाही. झाबुआच्या बाजारात कुठल्या बिल्डरला जाहिरात द्यायची आहे? शिवाय खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, द्यायच्या तर आकाशवाणीच्याच जशाच्या तशा. म्हणजे जिल्ह्याच्या बातमीचं काम ज्याच्याकडे आहे तेच केंद्र आपण डुलकीच्या नावाने मोडीत काढायला निघालात.

मोडीत निघतंच आहे तसंही. नागपूरहून रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी, १९८८ पासूनची, २०१८ च्या अखेरीच्या आदेशाने बंद झाली. रात्रपाळीचा पहारेकरी, ट्रकवाला, हॉस्पिटलच्या बाकावर रात्र काढणारा नातेवाईक, हे सगळे तिचे श्रोते होते. त्यांच्यासाठी कुणी अग्रलेख लिहिल्याचं मला आठवत नाही. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा वृत्तविभाग हलवायचा निर्णय झाला तेव्हा मात्र महाराष्ट्रात एवढा गदारोळ झाला की निर्णय थांबवावा लागला. आपण पुण्याचे असाल (लिहिण्याच्या ढंगावरून तसा वास येतो), तर एकदा शेजारी विचारा, त्या वेळी ओरडणारे सगळे आजोबा होते का?

आकड्यांबद्दल. प्रसार भारती लोकसंख्येच्या नव्व्याण्णव टक्क्यांपर्यंत पोहोचल्याचं सांगते, तो आकडा आपल्याला लागतच असेल तर घ्या. तो लहरी पोहोचण्याचा आहे, कान पोहोचण्याचा नाही. मी आकड्यांचा माणूस नाही, आणि ड्यूटी रूममधल्या त्या ढिगाला कुणी टक्केवारी विचारली नव्हती.

बातम्यांच्या भोंग्याबद्दल: हे दुखणं जुनं आहे. आणीबाणीत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, वर्गीस समितीने १९७८ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनला स्वायत्तता द्या असा उपायही सांगून ठेवला, प्रसार भारती कायदा १९९० चा आणि अमलात आला १९९७ मध्ये. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता, आजही नाही. पुढे जाऊ.

शेवटचा टोमणा. महाराष्ट्राबाहेर बसून. आम्ही इथे बसलेलो नाही हो, राहतोय. मल्हाररावांच्या वेळेपासून, अडीचशेहून जास्त वर्षं. आमच्या बोलण्यात हिंदी शिरलीय, ‘पोहे बनवले’ म्हणतो, आपल्याला हसू येत असेल. पण रात्री अंथरुणावर पडून ५८५ किलोहर्ट्झवर नागपूर शोधायचं, वाऱ्यापावसात जळगावचं ९६३ हातचं निसटायचं, सुई केसभर सरकवून नाट्यगीताचा अंतरा परत पकडायचा, हे ज्याने केलंय त्याला मराठी फुकट मिळालेली नाही. आपल्याला ती जन्मतः मिळाली, सदाशिव पेठेत की कुठे ते देव जाणे. माझ्या आत्याने लग्नानंतर सगळा जन्म उज्जैनमध्ये काढला आणि नाट्यसंगीत पाठ म्हणायची, आणि ते तिने ट्रान्झिस्टरवरून उचललं होतं, क्लासमधून नव्हे. देशभरच्या श्रोत्यांची सेवा म्हणतात ती अशी असते. राज्याची सीमा मीडियम वेव्हला दिसत नाही. आपल्याला दिसते, हा आपला प्रश्न.

जरा आवाज चढला. राहू दे तसाच, हे पुसत नाही.

इंदूर केंद्राचं सध्याचं वेळापत्रक एका वाचक ताईंनी विचारलं आहे, त्यांना स्वतंत्र उत्तर देतो, त्यांनी ‘नमस्कार’ लिहून सुरुवात केली होती. आपली प्रतिक्रिया मी काढत नाही, सगळ्यांना वाचू दे. पुढची मात्र खऱ्या नावाने आली तरच लावीन. त्याला मुस्कटदाबी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, तुमच्या स्वतःच्या ब्लॉगवर.