किरकोळ म्हणजे काय, काका?

नाशिकच्या गोल्फ क्लबवर सकाळच्या चार फेऱ्या झाल्या की आमचा चौघांचा बाक ठरलेला. बाकावरचे विषयही ठरलेले. गुडघे, मुलांची पॅकेजं आणि मग "आजकालची पोरं". मान सदा मोबाइलमध्ये, आजूबाजूला काय चाललंय याचा पत्ता नाही, कॉलनीच्या कामाला बोलावलं तर येत नाहीत. परवा हेच दळण चालू असताना मला एकदम मैदानाचं खरं नाव आठवलं. आपण गोल्फ क्लब म्हणतो, पण ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. विजयानंद थिएटरात कान्हेरेने इंग्रज कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली २१ डिसेंबर १९०९ ला. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला तेव्हा कान्हेरे अठरा-एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या नावाच्या मैदानावर बसून चार म्हातारे म्हणत होते की सतरा वर्षांच्या पोरांना कसली आलीय अक्कल. त्या चारात मी एक.

गैरसमज नको. कुणाच्या पोराने पिस्तूल उचलावं असं माझं म्हणणं नाही. पोरांच्या हातात पावतीपुस्तक द्या, एवढंच म्हणतोय. का म्हणतोय ते सांगतो. त्यात माझी स्वतःची थोडी शोभा झालेली आहे, तीही सांगतो.

आमची कॉलनी इंदिरानगरात. साठ-पासष्ट घरं, मधे ओपन स्पेस, त्यात मारुतीचं छोटं देऊळ आणि पुढे पत्र्याची शेड. गणपती तिथेच बसतो. मंडळाचा खजिनदार अकरा वर्षं मीच. बँकेतून रिटायर झालेला माणूस दिसला की खजिनदारपद आपोआप त्याच्या गळ्यात पडतं. आमच्या कमिटीचं सरासरी वय अठ्ठावन्न. पोरांची कामं कोणती? खुर्च्या लावा, सतरंज्या झटका, पताका बांधा, आरतीचं ताट फिरवा. बैठक रात्री साडेनऊला, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. म्हणजे मुली आपसूकच बाद. हे आम्हा पुरुषांच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. बायकांच्या आलं होतं, पण त्यांना विचारतो कोण.

गेल्या वर्षी जुलैत शेजारची अकरावीतली मुलगी दारात येऊन उभी राहिली. "काका, यंदा वर्गणी आणि हिशेब आम्ही बघतो. आठ जण आहोत." मी हसलो आणि हो म्हणालो. त्यात उदात्त वगैरे काही नव्हतं. प्रत्येक बिल्डिंगचे तीन-तीन मजले चढायचा मला कंटाळा आला होता.

तिने सगळ्यात आधी मागच्या वर्षाची वही मागितली. आमच्या सोफ्यावर बसून एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत गेली. मंडप, मूर्ती, लायटिंग, फुलं, महाप्रसाद. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"काका, किरकोळ म्हणजे काय? चार हजार दोनशे किरकोळ?"

एकतीस वर्षं बँकेत काढली मी. कॅशमध्ये एका रुपयाचा फरक आला तर रात्री नऊ-नऊपर्यंत बसून शोधलाय. आणि माझ्याच अक्षरात, मंडळाच्या वहीत, चार हजार दोनशे किरकोळ. खाल्ले नव्हते हो. चहा, सुतळी, वायरमनचे दोनशे, ढोलवाल्यांचा वडापाव, कुणाचं तरी रिक्षाभाडं, असं सगळं मिळून होतं ते. लिहायचा आळस केला होता, बस. पण हे तिला सांगायचं सोडून मी आवाज चढवला. "मोठ्यांना असं विचारतात का गं?" ती गप्प झाली, वही उचलली आणि गेली. आतून आमची ही म्हणाली, "बरोबरच विचारलं तिने." त्या दिवशी दुपारचा चहा मी मुकाट्याने घेतला.

गणपती बसला त्या दिवसापासून रोज आरतीच्या आधी शेडच्या खांबाला एक कार्डशीट लागायला लागलं. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक. सुतळी ६०. चहा १४ कप, १४०. कापूर ९०. लोक आरतीला दहा मिनिटं आधी यायला लागले, हिशेब वाचायला! दोन घरांनी वर्गणी वाढवून दिली. एक सद्गृहस्थ मात्र चिडले. ते दरवर्षी चारचौघांत पाच हजार एक बोलतात आणि देतात एक हजार एक. कार्डशीटवर जे दिलं तेच आलं. माझ्याकडे तक्रार आली. मी म्हटलं, आता हिशेबनीस त्या आहेत, त्यांच्याशी बोला. ते काही बोलायला गेले नाहीत.

त्या आठांत एक मुलगा आहे, दहावीतला. कधी तोंड उघडत नाही. माइक हातात दिला तर पळून जाईल. वर्गणीच्या यादीतल्या एका घरासमोर त्याने पेन्सिलने बारीक फुली मारली होती. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "तिथे यंदा नको जायला." पुढे काही सांगेना. दोन महिन्यांनी मला कळलं की त्या घरातल्या गृहस्थांची अंबडच्या कंपनीतली नोकरी जूनमध्येच सुटली होती. ते रोज डबा घेऊन बाहेर पडत होते, त्यामुळे आम्हा कमिटीवाल्यांना गंधही नव्हता. पोराला ठाऊक होतं, आणि ते जाहीर करायचं नसतं हेही ठाऊक होतं. पुढारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माइक येतो. मला आताशा ती पेन्सिलची फुली दिसते.

सगळं गोड गोड झालं असं नाही. आठातले तिघे दहीहंडीपर्यंतच गळाले. आणि महाप्रसादाच्या दिवशी भात कमी पडला. चांगला चाळीस माणसांना कमी पडला. पोरांनी घरं मोजली होती, पण गणपतीला प्रत्येक घरी पाहुणे असतात हे धरलंच नव्हतं. पंगतीतली माणसं रिकामी पत्रावळ पुढ्यात घेऊन बसलेली. आमचे अध्यक्ष खुर्चीतून उठले, "तरी मी म्हणत होतो" सुरू झालं. मीही उठत होतो. हिने मागून शर्ट धरला. "बसा. बघू दे त्यांना."

तेवढ्यात मुलीने माइक घेतला. हात थरथरत होता, तो आवाज स्पीकरमधूनसुद्धा येत होता. "भात संपलाय. अंदाज आमचा चुकला. वीस मिनिटांत खिचडी होतेय, लहान मुलांना आधी शिरा वाढतोय. कृपया बसून राहा." बसली माणसं. तीन घरांतल्या कुकरच्या शिट्ट्या एकाच वेळी झाल्या. वीस मिनिटांची पस्तीस झाली, पण सगळे जेवून गेले. त्या माइकवरून मी अकरा वर्षांत सत्कार ऐकले, आभार ऐकले, रुसवेफुगवेही ऐकले. अंदाज आमचा चुकला, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

मला सांगा, हे कुठल्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात शिकवतात? तीन दिवसांचं शिबिर, फी भरा, आत्मविश्वासाने बोला, शेवटी सर्टिफिकेट. पोरं बोलायला शिकतात, पण कशाबद्दल बोलायचं, तर कशाबद्दलच नाही. ज्याच्या हातून कधी भात कमी पडला नाही त्याला माइकवर सांगण्यासारखं असणार काय?

विश्वासाचं म्हणाल तर गंमत बघा. रिझर्व्ह बँक दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू देते. मर्यादा बँक ठरवते, पण खातं त्याचं. अशी खाती मी स्वतः उघडली आहेत. सही करताना जीभ बाहेर काढणारी पोरं पैसे भरताना मात्र दोनदा मोजून देतात. मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं ६१व्या घटनादुरुस्तीने, १९८९ मध्ये. देशाने विश्वास टाकला त्याला साडेतीन दशकं उलटून गेली. आमच्या कॉलनीत मात्र सतरा वर्षांच्या पोरीच्या हाती दोन हजारांची कॅश द्यायची तर तीन काका सोबत लागतात.

आणखी एक गोष्ट. आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली पावणेचार वर्षं प्रशासक. तेव्हा तेरा वर्षांचं असलेलं पोर आज सतरा वर्षांचं आहे. त्याच्या ऐन समजायच्या वयात वॉर्डात नगरसेवक नावाचा माणूस नव्हताच. कुणाकडे अर्ज घेऊन जायचं, कुणाला जाब विचारायचा, हे बघून बघून शिकायची संधीच गेली. आमच्या आठांना मी विचारलं होतं, नगरसेवक काय करतो रे? एक जण म्हणाला, "वाढदिवस."

हसू नका, त्याचं निरीक्षण चुकीचं नाही. कुठल्याही चौकात मान वर करून बघा. भाऊंचा वाढदिवस, दादांची निवड. खालच्या पट्टीत शुभेच्छुक म्हणून बारीक फोटोंची रांग, गॉगल लावलेली, मिसरूडही न फुटलेली पोरं. २०२५ च्या ऑक्टोबरात पोलिसांनी गुन्ह्यांत पकडलेल्या अशा काही भाऊंना हात जोडून "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" म्हणायला लावलं. ते रील आपण सगळ्यांनी खिदळत फॉरवर्ड केलं, मीही केलं. पण नंतर मला खालच्या पट्टीतले ते बारीक फोटो आठवत राहिले. त्या पोराला कुणीतरी म्हणालं होतं, तू आपला माणूस आहेस, ये, तुझं नाव लावतो. कॉलनीत त्याला कोण म्हणालं होतं? आपण त्याला फक्त सतरंज्या झटकायला बोलावत होतो.

बरं, पोरांना जमत नाही असंही नाही. आपल्याच गावात बघा. विसर्जनाच्या दिवशी "देव द्या, देवपण घ्या" म्हणत मूर्ती नदीत न सोडता आम्हाला दान द्या म्हणून गोदाकाठी उभी राहतात ती विद्यार्थी कृती समितीची पोरं. भर गर्दीत, भाविकांच्या शिव्या खात, हात जोडून. आणि ढोल पथकाचा सराव कधी थांबून बघितलाय? नाशिक ढोल म्हणून जो आपण मिरवतो, त्यात चाळीस ढोल एका ताशाच्या काडीकडे बघून थांबतात आणि सुटतात. मी बघितलं त्या दिवशी ती काडी एका सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात होती, आणि पन्नाशीचा एक ढोलवाला तिची नजर चुकवत होता, कारण त्याचा ठेका चुकला होता. तिथे कुणाला तिचं वय खटकत नाही.

आता पुढच्या वर्षी सिंहस्थाच्या पर्वण्या. स्वयंसेवक म्हणून पोरं लागतीलच. टोपी, शिट्टी आणि बिस्किटाचा पुडा देऊन उन्हात उभी करतील. ती उभी राहतील, त्याबद्दल शंका नाही. पण पंचवटीतली कुठली गल्ली कुठे तुंबते, म्हातारीला कुठून बाहेर काढायचं, हे तिथे लहानाचं मोठं झालेल्या पोराइतकं कुणाला माहीत असणार? आराखडा करतानाच त्याला विचारलं तर बिघडेल का?

आईबापांचं म्हणणंही खोटं नाही. हिशेबनीसबाईंच्या आई मला म्हणाल्या, "भाऊ, तिचं बारावीचं वर्ष आहे, सीईटी आहे, तुम्ही तिला कुठे अडकवताय?" मी उत्तर दिलं नाही, देता आलं नाही. एवढंच ठरवलं की आठवड्याला दोन तासांच्या वर काम नाही, परीक्षेच्या महिन्यात तेही नाही. आणि बैठक रविवारी संध्याकाळी पाचला, साडेनऊला नाही. एवढ्या एका बदलाने पाच मुली आणि चार आया यायला लागल्या.

कुणाला आपल्या मंडळात करून बघायचं असेल तर अनुभवाचं एक सांगतो. मंडपवाल्याचा करार, मंडळाच्या खात्यावरची सही, पोलीस परवानगी हे मोठ्यांच्याच नावावर ठेवा, अठराच्या आतल्याने केलेला करार कायद्याने चालत नाही. पण सही आपली असली तरी आकडा त्यांनी ठरवलेला असू द्या. आणि चुकले की लगेच उठू नका. हे लिहायला सोपं आहे. माझा शर्ट धरायला कुणीतरी होतं.

यंदा अधिक महिन्यामुळे गणपती उशिरा आहेत, १४ सप्टेंबरला. गेल्या रविवारी पहिली बैठक झाली. नव्या वहीच्या पहिल्याच पानावर हिशेबनीसबाईंनी खर्चाची खाती आखली आहेत. एकूण तेरा. किरकोळ त्यात नाही. महाप्रसादापुढे कंसात "पाहुण्यांसह" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. कामांची यादी खांबाला लागली, तिच्यात माझंही नाव आहे. मला न विचारताच घातलंय. माझ्याकडे चपला.