बिल मान्य नसेल तर सगळं बिल आधी भरावं लागत नाही

अवाच्या सवा बिल घेऊन वीज कार्यालयाच्या खिडकीशी गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं. "आधी भरून टाका, काही चूक असेल तर पुढच्या बिलात वळतं होईल." समोरचा माणूस पेन्शनर असो की रिक्षावाला, लाईट कापतील या धास्तीने भरतो. वेळ पडली तर उसने घेऊन भरतो. मला याची मनापासून चीड येते, कारण असा नियमच नाही.

विद्युत अधिनियम २००३ मधलं कलम ५६ काढून वाचा. थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल, तर ग्राहकाने बिलात मागितलेली रक्कम किंवा मागच्या ६ महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरायची. वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे नेहमी ८०० रुपये येणाऱ्या घराला ९ हजारांचं बिल आलं, तर आज भरायचे ते साधारण ८००च.

आमच्या शेजारच्या काकूंचं हेच झालं. एकट्या राहतात. फ्रिज, दोन पंखे, टीव्ही, संपलं. बिल आलं ९ हजारांच्या वर. मी आधी रीडिंग बघितलं. चालू रीडिंग ४८१२. शेजारी छापलेल्या मीटरच्या फोटोत फ्लॅशचा पांढरा ठिपका नेमका शतकाच्या आकड्यावर, तो ३ आहे की ८ काही कळेना. खाली जिन्यात जाऊन मीटर पाहिला तर ४३६०. रीडिंग घेऊन दोनेक आठवडे उलटले होते आणि मीटर अजून बिलावरच्या आकड्याच्या आसपासही पोचला नव्हता! याहून मोठा पुरावा काय हवा? तरी खिडकीवरचे साहेब म्हणाले, "काकू, सिस्टीमला आलंय ना, मग भरावंच लागेल." काकू चेकबुक घेऊनच आल्या होत्या. मी त्यांना थांबवलं. मीटरचा त्या दिवशीचा फोटो जोडून लेखी अर्ज दिला, सरासरीची रक्कम भरली, आणि पुढच्या महिन्यात दुरुस्त बिल आलं.

काकूंना न्याय मिळाला तो शेजारी कुणाला तरी कलम माहीत होतं म्हणून. हे मला अजिबात पटत नाही. बिलावर ऑनलाईन भरण्याचे फायदे छापायला जागा असते, मुदतीनंतर भरल्यास किती जास्त पडतील तेही ठळक असतं. मग कलम ५६ च्या दोन ओळी मराठीत त्याच बिलावर का नसाव्यात? महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने हे सक्तीचं करावं, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

चुकीचं रीडिंग निदान डोळ्यांना दिसतं. त्याहून जास्त फसवतं ते साठलेलं बिल. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५००, आणि त्यापुढे. पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याच्या दरात दुपटीहून जास्त फरक आहे. आता समजा रीडिंग घ्यायला ६ महिने कुणी आलंच नाही, दर महिन्याला अंदाजे ४० युनिट लावले, आणि सातव्या महिन्यात कळलं की खरा वापर महिन्याला १३० चा होता. फरक ५४० युनिटचा. तो एकाच महिन्यात टाकला तर वापर थेट सर्वात महागड्या टप्प्यापर्यंत जातो. ६ महिन्यांत वाटला तर बहुतेक युनिट पहिल्या टप्प्यात बसतात, थोडे दुसऱ्यात. युनिट तेवढेच, पैसे कितीतरी वेगळे. म्हणून "वापर तुमचाच आहे ना?" या प्रश्नाने गप्प बसू नका. स्लॅबचा, म्हणजे या टप्प्यांचा, फायदा महिन्यांप्रमाणे विभागून दिला आहे का, हे लेखी विचारा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये राज्यभर लोक चिडले होते ते याच भीतीने. मार्चच्या शेवटी रीडिंग बंद झालं, हिवाळ्याच्या सरासरीने बिलं निघाली, आणि उन्हाळ्याचा सगळा वापर जूनमध्ये एकदम अंगावर आला.

मीटरवरच संशय असेल तर घरचा मेन स्विच बंद करून मीटरवरचा लाल दिवा बघा. तरीही तो लुकलुकत असेल तर मेन स्विचच्या आधी कुठेतरी गळती आहे, किंवा तुमच्या मीटरवरून दुसऱ्या कुणाचा तरी लोड चालू आहे. जिन्यातला दिवा, पाण्याची मोटर, काहीही. लुकलुक थांबली तर मेन स्विच चालू करून १००० वॅटचा एखादा हीटरच फक्त चालू ठेवा आणि मिनिटभर लुकलुक मोजा. मीटरवर ३२०० इम्पल्स (म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुक) लिहिलं असेल तर ५३ च्या आसपास यायला हवी. ७०-८० येत असेल तर मीटर तपासणीचा अर्ज द्या आणि तपासणी तुमच्यासमोरच करायला सांगा. आणि हो, एप्रिल-मेमध्ये वेगळं बिल आलं तर ते सुरक्षा ठेवीचं आहे का ते आधी बघा. त्यावरून बरीच भांडणं उगाच होतात.

कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, मंचाचा निकाल पटला नाही तर विद्युत लोकपाल, मुंबईत आणि नागपुरात. पण तिथे तोंडी बोलणं कामाचं नाही, कागद लागतो.

अर्जात फार लिहावं लागत नाही. ग्राहक क्रमांक, बिलाचा महिना, आजचं मीटर रीडिंग, आणि एवढंच: "हे बिल मला मान्य नाही. कलम ५६ प्रमाणे मागच्या ६ महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम निषेध नोंदवून भरत आहे. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वीजपुरवठा तोडू नये." दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका, तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा.