जुनी ट्रान्सफर केस आकड्यावरून निवडायची नसते

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस. ‘जुनी ट्रान्सफर केस घेताना एवढंच बघा’ असा एक चार कलमांचा मेसेज बरेच दिवस फिरतोय. आता तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला. सिल्व्हराडो या जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) पिकअपसाठी जुनी केस शोधतोय तो, आणि हा मेसेज वाचून पैसे द्यायला निघाला होता. म्हणून एकेक कलम घेतो.

‘नंबर मोठा तेवढी केस दणकट.’ साफ खोटं. न्यू प्रोसेस या कंपनीची २०५ नंबरची केस बिडाची, पूर्ण गिअरवर चालणारी. २३१ ॲल्युमिनियमची आणि चेनची. आकडा २३१चा मोठा, ताकद २०५ची जास्त. २३१मधला २ म्हणजे हाय आणि लो या दोन रेंज, ३ म्हणजे कामाचा वर्ग, १ म्हणजे पार्ट-टाइम, म्हणजे फोर-व्हील फक्त गरजेपुरती लावायची. म्हणून २४१ पार्ट-टाइम असते, तर २४२मध्ये फुल-टाइमचीही, म्हणजे फोर-व्हील कायम लावून ठेवायची, सोय मिळते. शेवटचा आकडा प्रकार सांगतो, ताकद नाही. २०५ आणि २०८ तर या पद्धतीच्या आधीच्या.

‘चेनवाली घेऊच नका.’ यात अर्धं खरं आहे, मान्य करतो. चेन ताणते, आणि ताणली की जोर पडल्यावर दात सोडून धाडकन आवाज करते. पण २०५चा लो रेशो, म्हणजे लो रेंजमध्ये मागचा शाफ्ट एकदा फिरायला इनपुटचे (गिअरबॉक्सकडून आत येणाऱ्या शाफ्टचे) लागणारे फेरे, १.९६, २३१चा २.७२. दगडधोंड्यांतून सावकाश चढायचं असेल तर हा फरक लगेच कळतो. जीपच्या रॅंग्लर रुबिकॉनची २४१ चेनचीच आहे आणि तिचा लो ४ ला १ आहे.

‘बाहेरून कोरडी असेल तर आतून ठणठणीत.’ हे कलम ज्याने लिहिलं त्याने लोकांचं खरंच नुकसान केलंय. भाचा बघत होता ती नेमकी जीएमची २४६. तिच्या मागच्या अर्ध्या भागात ऑइल पंप असतो. तो जागेवर थोडा थोडा हलत राहतो, त्याची पोलादी क्लिप मॅग्नेशियमच्या कव्हरला घासते आणि वर्षानुवर्षांनी तिथे बारीक भोक पडतं. हे भोक ऑइलच्या पातळीच्या वर असतं. त्यामुळे गाडी उभी असताना खाली एक थेंब पडत नाही. चालताना मात्र ऑइल त्यातून बाहेर फेकलं जातं. मालकाला कळतं तेव्हा केस कोरडी पडून बेअरिंग आणि चेन गेलेली असते. अशी केस काढून, धुऊन मांडून ठेवली तर ती कोरडीच दिसणार! २६१ आणि २६३लाही हाच रोग आहे. उपाय एकच, मागचा अर्धा भाग उघडायला लावा आणि पंपाची जागा आतून उजेडात बघा. विकणारा उघडू देत नसेल तर ती केस सोडा.

‘बोल्ट जुळले की बसली.’ नाही बसत. २३१च्याच इनपुटला कुठे २१, कुठे २३, कुठे २७ स्प्लाइन (शाफ्ट जोडायच्या उभ्या खाचा) असतात. २०८ जीएमच्या ट्रकमध्ये पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट उजवीकडे देते, फोर्डमध्ये डावीकडे. केस थोडी फिरवून बसवता येते, पण उजवीची डावी करता येत नाही.

मग बघायचं काय? जीपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय: केसच्या मागच्या भागावर गोल पट्टी असते, तिच्यावर मॉडेल, असेंब्ली नंबर, सीरियल नंबर आणि लो रेशो असतो, आणि सीरियल नंबरातच बनवल्याची तारीख असते. आपल्या जुन्या केसवरची अशी पट्टी आधी वाचा, मगच समोरची वाचा.

पट्टी गळून गेली असेल तर स्प्लाइन मोजा. मग केस लोमध्ये टाका, मागच्या शाफ्टवर खडूची खूण करा आणि ती एक फेरा पूर्ण करेपर्यंत इनपुट हाताने फिरवा. दोनच्या जरा आत फेरे लागले तर २०५ची शक्यता धरा. पावणेतीनच्या आसपास लागले तर ती २०५ नाहीच, विकणारा काहीही म्हणो.